औषध केव्हा सुरू करावे? : एका रक्ततपासणीची कथा



रक्त तपासून घ्या, एवढे शब्द डॉक्टरांच्या तोंडून निघाले की पुष्कळांच्या पोटात गोळा उठतो. त्यातून ती तपासणी एचआयव्हीची असेल तर मग विचारायलाच नको. ही भीती निवारण्यासाठी आधी एक घोटाळा दूर केला पाहिजे. एचआयव्हीच्या बाबतीत रक्ताची तपासणी म्हणजे एकच तपासणी नव्हे. एक तपासणी विषाणूचा संसर्ग झाला आहे की नाही एवढेच सांगते. दुसरी तपासणी शरीराची रोगप्रतिकारक शक्ती किती शिल्लक आहे याचे मोजमाप करते. तिसरी तपासणी रक्तात विषाणूंची संख्या किती आहे हे दाखवते. या तिन्ही तपासण्यांची कामे निराळी आणि वेळाही निराळ्या.

येथे प्रामुख्याने विचार करावयाचा आहे तो दुसऱ्या तपासणीचा. तिचे नाव सीडी-४ तपासणी. रुग्णाला औषध आज द्यावयाचे की आणखी काही महिने थांबावयाचे, हे अनेक वर्षे या तपासणीच्या आकड्यावर ठरत असे. ही महागडी तपासणी गरिबाच्या आवाक्यात कशी आली आणि आज तिचे स्थान काय आहे, हे ग्रामस्थांनी, शिक्षकांनी आणि अधिकाऱ्यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे. कारण जुन्या समजुतीवर विसंबून 'अजून वेळ आहे' असे म्हणत थांबणारी माणसे आजही प्राणास मुकतात.

शरीरातील राखणदार

मानवी रक्तात ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांपैकी काहींच्या पृष्ठभागावर सीडी-४ नावाचे प्रथिन असते. या पेशी स्वतः शत्रूशी झुंजण्यापेक्षा इतर पेशींना जागे करण्याचे काम अधिक करतात. गावात चोर शिरला असता दवंडी पिटून साऱ्या गावाला जागे करणाऱ्या माणसासारखे हे काम आहे. एचआयव्ही हा विषाणू नेमका या दवंडीवाल्यावरच घाला घालतो. दवंडी बंद पडली की गावात माणसे असूनही गाव निजलेलेच राहते आणि एरवी सहज परतवून लावता येणारे क्षय, न्यूमोनिया, बुरशीजन्य मेंदूज्वर यांसारखे रोग शरीरात ठाण मांडतात.

निरोगी प्रौढ माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात, म्हणजे जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढ्या थेंबात, साधारणपणे ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. संसर्गानंतर, औषधोपचार न झाल्यास, ही संख्या वर्षानुवर्षे हळूहळू घटत जाते. माणूस शेतावर जातो, नोकरी करतो, लग्नकार्यात मिरवतो. बाहेरून काहीच दिसत नाही. परंतु संख्या २०० च्या खाली गेली की प्राणघातक रोगांना दार उघडे होते. शरीर बोलत नाही, परंतु हा आकडा बोलतो.

औषध स्वस्त, तपासणी महाग

एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद १९८१ साली अमेरिकेत झाली आणि त्याचे कारण असलेला विषाणू १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हाती लागला. भारतात पहिला संसर्ग १९८६ साली मद्रास येथे आढळला. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र दिल्यास विषाणू आटोक्यात राहतो हे सिद्ध झाले. परंतु त्या औषधांचा एका रुग्णाचा वार्षिक खर्च १०,००० डॉलरांच्या पुढे होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने हीच तीन औषधे वर्षाला ३५० डॉलरांत देण्याची तयारी दाखवली आणि गरीब देशांसाठी उपचाराची वाट खुली झाली.

औषध स्वस्त झाले, पण ते कोणाला आणि केव्हा द्यावयाचे हा प्रश्न उरलाच. त्या काळची औषधे आजच्याइतकी सौम्य नव्हती. कोणाच्या हातापायांना मुंग्या येत व जळजळ होई, कोणाचे गाल बसत, तर कोणाला रक्तक्षय होई. एकदा सुरू केलेले औषध जन्मभर घ्यावयाचे असल्याने फार लवकर सुरू करणे त्रासाचे, तर फार उशीर करणे जिवावर बेतणारे. या दोहोंमधील योग्य घटका कोणती, हे सीडी-४ तपासणी सांगत असे. १ एप्रिल २००४ रोजी भारत शासनाने महाराष्ट्र व कर्नाटकासह सहा राज्ये आणि दिल्ली येथील आठ रुग्णालयांतून मोफत औषधोपचारास प्रारंभ केला, तेव्हा लक्षणे नसलेल्या रुग्णासाठी २०० ही मर्यादा होती. आकडा त्याखाली असेल तर औषध. वर असेल तर काही महिन्यांनी पुन्हा तपासणी.

मात्र ही तपासणी मोठ्या शहरापुरतीच होती. तिच्यासाठी फ्लो सायटोमीटर नावाचे लाखो रुपयांचे यंत्र लागे. या यंत्रात चमकणारे रंग लावलेली प्रतिपिंडे रक्तात मिसळतात. ती सीडी-४ पेशींना चिकटतात, आणि पेशींची रांग लेझरच्या प्रकाशझोतातून जात असता चमकणाऱ्या पेशी मोजल्या जातात. यंत्राला अखंड वीज, वातानुकूलित खोली, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि परदेशातून येणारी रसायने लागत. शिवाय रक्त शिळे चालत नसे. साधारणतः ४८ तासांच्या आत ते यंत्रापर्यंत पोहोचावे लागे. खेड्यातील रुग्णाला तपासणीच्या शुल्काखेरीज एस.टी.चे भाडे, बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्या माणसाचा खर्च आणि निकालासाठी दुसरा हेलपाटा एवढे सगळे सोसावे लागे. पुष्कळजण तो दुसरा हेलपाटा घालतच नसत.

स्वस्त तपासणीचे प्रयत्न

ही अडचण दूर करण्यासाठी अनेक देशांत निरनिराळे मार्ग चोखाळले गेले. त्यांतील काही ध्यानात घेण्याजोगे आहेत.

पहिला मार्ग चुंबकाचा. प्रतिपिंडांचा लेप दिलेले अतिसूक्ष्म चुंबकीय मणी रक्तात मिसळावयाचे, त्यांना चिकटलेल्या सीडी-४ पेशी चुंबकाने बाजूला ओढावयाच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजावयाच्या. यास महागडे यंत्र लागत नसे. परंतु मोजणारा डोळा तरबेज हवा आणि दिवसाकाठी थोडेच नमुने हातावेगळे होत.

दुसरा मार्ग सर्वांत साधा. जेथे सीडी-४ तपासणी नाही तेथे नेहमीच्या रक्ततपासणीतून लिम्फोसाइट पेशींची एकूण संख्या काढावी, आणि ती १२०० पेक्षा कमी असून रोगाची काही लक्षणेही दिसत असतील तर औषध सुरू करावे, अशी मुभा जागतिक आरोग्य संघटनेने या शतकाच्या आरंभी दिली होती. ही तपासणी तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होण्यासारखी होती. तथापि तिचा अंदाज ठोकळ असल्याने औषधाची गरज असलेले कित्येक रुग्ण तिच्या चाळणीतून निसटत. स्वस्ताईची ही मर्यादा विसरता येत नाही. तपासणी स्वस्त हवी, पण ती खोटा दिलासा देणारी नसावी.

तिसरा मार्ग दक्षिण आफ्रिकेने दाखवला. जोहान्सबर्गच्या डेबोरा ग्लेनक्रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ च्या सुमारास असे दाखवून दिले की, महागडी प्रतिपिंडे अनेक वापरण्याऐवजी दोनच वापरून आणि सर्व पांढऱ्या पेशींची संख्या आधाराला घेऊन तोच आकडा विश्वासार्ह रीतीने काढता येतो. यंत्र तेच, परंतु खर्च पुष्कळ कमी. शिवाय दूरवरून आलेले, काही दिवसांचे रक्तही चालू लागले. त्या देशाच्या शासकीय प्रयोगशाळांनी ही पद्धत स्वीकारली. नवे यंत्र न आणता, असलेल्या यंत्राचा वापर शहाणपणाने केल्यानेही काटकसर साधते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

चौथा मार्ग यंत्रच रुग्णाकडे नेण्याचा. बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्तावर सुमारे २० मिनिटांत आकडा सांगणारी, उचलून नेता येण्याजोगी लहान यंत्रे २०१० च्या आसपास निघाली. मोझांबिकच्या आरोग्यकेंद्रांत त्यांचा वापर झाला. त्या पाहणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. संसर्ग आढळल्यानंतर औषध सुरू होण्यापूर्वीच संपर्कातून सुटणाऱ्या रुग्णांचे प्रमाण पूर्वी ६४ टक्के होते; ते ३३ टक्क्यांवर आले. औषध तेच, डॉक्टर तेच. फक्त निकालासाठी घालावा लागणारा हेलपाटा वाचला. तपासणीची खरी किंमत पावतीवरील रकमेपुरती नसते, तर दोन खेपांच्या मधल्या काळात गमावलेल्या माणसांतही ती मोजावी लागते.

तपासणी नाही म्हणून औषध नाही?

याच काळात एक मूलभूत प्रश्न विचारला गेला. जेथे तपासणी पोहोचलीच नाही, तेथील रुग्णाने काय करावे? हैती या अतिशय गरीब देशातील कांज नावाच्या डोंगराळ गावी डॉ. पॉल फार्मर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली रुग्णांना औषधे देण्यास आरंभ केला तो मुख्यतः लक्षणे पाहून. वजन किती घटले, जुलाब किती दिवस चालू आहेत, क्षय आहे काय, हे पाहावयाचे. आणि गावातीलच प्रशिक्षित माणसाने रोज घरी जाऊन औषध द्यावयाचे, अशी त्यांची रीत होती.

पुढे युगांडा व झिंबाब्वे या देशांत ३३१६ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. एका गटाच्या उपचारांवर नियमित प्रयोगशाळा-तपासण्यांच्या आधारे देखरेख ठेवली, तर दुसऱ्या गटाची देखरेख प्रामुख्याने लक्षणांवरून केली. पाच वर्षांनंतर पहिल्या गटातील सुमारे ९० टक्के आणि दुसऱ्या गटातील सुमारे ८७ टक्के रुग्ण हयात होते. तपासणीचा लाभ होता, हे या आकड्यांवरून दिसते. परंतु औषधाचा लाभ त्याहून कितीतरी मोठा होता. तपासणी हा औषधाकडे नेणारा रस्ता आहे. तो रस्त्यावरचा अडसर होऊ नये, हा धडा या अनुभवातून मिळाला.

मर्यादा वर सरकत गेली

२०० ही मर्यादाच चुकीची तर नाही ना, अशी शंका डॉक्टरांना येऊ लागली होती. तिचे उत्तरही हैतीनेच दिले. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स येथे २०० ते ३५० पेशी असलेल्या ८१६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला ताबडतोब औषध दिले. दुसऱ्याला त्या वेळच्या रीतीप्रमाणे, आकडा २०० च्या खाली येईपर्यंत किंवा एड्सची लक्षणे दिसेपर्यंत थांबवले. थांबलेल्या गटात २३ माणसे दगावली. लवकर औषध घेतलेल्या गटात ६. क्षयाचे रुग्णही थांबलेल्या गटात दुप्पट निघाले. २००९ साली हा अभ्यास मुदतीपूर्वीच थांबवून सर्वांना औषध देण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा ३५० वर नेली.

यानंतरच्या घटनेत पुण्याचाही वाटा आहे. पती-पत्नींपैकी एकालाच संसर्ग असलेल्या १७६३ जोडप्यांचा नऊ देशांत अभ्यास झाला. त्यात पुणे व चेन्नई येथील केंद्रे होती. २०११ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार जोडीदाराकडूनच संसर्ग झाल्याचे सिद्ध झालेल्या २८ प्रसंगांपैकी केवळ १ प्रसंग लवकर औषध सुरू केलेल्या गटात घडला होता. औषध घेणाऱ्याचा जीव वाचतो आणि त्याच्या जोडीदाराचेही रक्षण होते, हे यावरून स्पष्ट झाले. २०१३ साली मर्यादा ५०० वर गेली. २०१५ साली ३५ देशांतील ४६८५ रुग्णांच्या अभ्यासाने दाखवले की, ५०० पेक्षा अधिक पेशी असतानाही लगेच औषध घेणाऱ्यांत गंभीर आजार व मृत्यू यांचा धोका निम्म्याहूनही कमी राहतो.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादाच काढून टाकली. भारतातही आकडा टप्प्याटप्प्याने वाढत गेला, आणि २०१७ साली 'तपासणीत संसर्ग आढळला की उपचार' हे धोरण स्वीकारण्यात आले. औषध केव्हा सुरू करावे, या प्रश्नाचे आजचे उत्तर असे की, संसर्ग निश्चित झाल्यावर शक्य तितक्या लवकर. आकडा कितीही असो. क्षयाचा किंवा बुरशीजन्य मेंदूज्वराचा संशय असल्यास मात्र डॉक्टर आधी त्याचा तपास व उपचार करून योग्य दिवस ठरवतात. औषधेही आता पूर्वीपेक्षा सौम्य आहेत, आणि बहुतेक प्रौढ रुग्णांना ती दिवसातून एकाच गोळीत मिळतात.

मग ही तपासणी निरुपयोगी झाली काय?

मुळीच नाही. तिचे काम बदलले आहे. औषध द्यावे की नाही हे ती आता ठरवीत नाही. परंतु कोणाची विशेष काळजी घ्यावयाची हे तीच सांगते. रोग बळावल्यावर उशिराने येणारी माणसे आजही पुष्कळ आहेत. आकडा २०० च्या खाली असलेल्या रुग्णात छुपा क्षय शोधावा लागतो, बुरशीजन्य मेंदूज्वराची पूर्वतपासणी करावी लागते आणि काही रोग होऊ नयेत म्हणून प्रतिबंधक गोळ्या द्याव्या लागतात. आफ्रिकेतील चार देशांत १०० पेक्षा कमी पेशी असलेल्या १८०५ रुग्णांच्या अभ्यासात, एचआयव्हीच्या औषधासोबत अशा प्रतिबंधक औषधांचा वाढीव संच दिला असता २४ आठवड्यांतील मृत्यूचे प्रमाण १२.२ टक्क्यांवरून ८.९ टक्क्यांवर आले. हे रुग्ण बाहेरून पाहून नेहमीच ओळखू येत नाहीत. म्हणून आकडा हवा, आणि तो स्वस्तात व लवकर हवा. पुढे औषध नीट लागू पडते की नाही, हे पाहण्याचे काम विषाणूंची संख्या मोजणारी तिसरी तपासणी करते.

भीतीचे मूळ आणि कायद्याचे संरक्षण

एवढे सारे सुलभ झाले तरी माणसे पहिल्या तपासणीलाच का येत नाहीत? याचे एक कारण गोव्याच्या इतिहासात आहे. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात, त्याने रक्तदान केल्यानंतर, हा विषाणू आढळला. तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील तरतुदीनुसार त्याला पोलिसांकरवी नेऊन म्हापसा येथील क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात ६४ दिवस एकट्याला ठेवण्यात आले. त्याने त्याविरुद्ध लढा दिला आणि १९९२ साली, मृत्यूपूर्वी, अशा रुग्णांसाठी संस्था उभी केली. रक्ततपासणी म्हणजे कोंडवाडा, ही समजूत अशा घटनांतून जनमानसात रुजली.

आज कायदा वेगळा आहे. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार माणसाच्या समजपूर्वक संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो, आणि संसर्गाच्या कारणावरून शाळेत, नोकरीत वा रुग्णालयात भेदभाव करण्यास बंदी आहे. जी तपासणी पूर्वी माणसाला गावापासून तोडीत असे, तीच आता त्याला औषधापर्यंत पोहोचवू शकते. परंतु कायदा कागदावर राहिला तर भीती मनातून जात नाही.

प्रत्येकाचे कर्तव्य

ग्रामस्थांनी एवढे ध्यानात ठेवावे की, शासकीय समुपदेशन व तपासणी केंद्रांत संसर्गाची तपासणी मोफत होते, आणि बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणच्या एआरटी केंद्रांतून औषधे व पुढील तपासण्याही मोफत मिळतात. प्रत्येक गरोदर स्त्रीने ही तपासणी करून घ्यावी, म्हणजे बाळाचे रक्षण करता येते. क्षय झालेल्यानेही ती टाळू नये. 'पूर्वी आकडा चांगला होता, डॉक्टरांनी थांबायला सांगितले होते,' असे म्हणून कोणी वर्षानुवर्षे घरी बसले असेल, तर त्याने आता थांबू नये. तो सल्ला त्या काळचा होता. औषधाने बरे वाटू लागले म्हणून ते मध्येच सोडू नये, हेही तितकेच महत्त्वाचे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना समजावून सांगावे की, एका बाकावर बसल्याने, एका ताटात जेवल्याने, हस्तांदोलनाने किंवा डास चावल्याने हा रोग होत नाही. एखाद्या मुलाचे वा त्याच्या पालकांचे असे वृत्त कानी आले तर ते शाळेच्या खोलीबाहेर जाणार नाही, याची दक्षता त्यांनी घ्यावी.

अधिकाऱ्यांवरील जबाबदारी मोठी आहे. रक्ताचा नमुना वेळेत प्रयोगशाळेत पोहोचणे, निकाल त्याच आठवड्यात परत येणे, रसायनांचा साठा न संपणे आणि यंत्र नादुरुस्त असता पर्यायी व्यवस्था असणे, या रूक्ष वाटणाऱ्या बाबींवरच माणसांचे प्राण अवलंबून असतात. मोझांबिकच्या आरोग्यकेंद्रांनी जे दाखवून दिले ते कोणत्याही जिल्ह्यास लागू आहे : रुग्णाचा एक हेलपाटा वाचवणे म्हणजे कित्येकदा त्याचा जीव वाचवणे होय.

ज्यांना माहिती हवी आहे, परंतु कोणासमोर जाण्याचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी १०९७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक निःशुल्क उपलब्ध आहे. तेथे नाव सांगावे लागत नाही. औषध आहे, तपासणी आहे, कायद्याचे संरक्षणही आहे. शरीर खंगण्याची वाट न पाहता, धडधाकट असतानाच तपासणीसाठी पाऊल उचलावे, एवढेच आता प्रत्येकाच्या हाती उरले आहे.